मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनमध्ये व्हिटॅमिन आणि सप्लिमेंटची नावे वारंवार चुकतात तेव्हा काय तपासावे

डिक्टेशन (डॉक्टरांनी बोलून रेकॉर्ड केलेला मजकूर) अमेरिकेतल्या डॉक्टरांचे असो की मुंबईतल्याच एखाद्या रुग्णालयाच्या डिस्चार्ज समरीचे, ते ऐकून टाइप झालेला रिपोर्ट क्यूएसाठी, म्हणजे गुणवत्ता तपासणीसाठी, माझ्यासमोर येतो तेव्हा त्यात अँटिबायोटिकचे किंवा रक्तदाबाच्या गोळीचे नाव क्वचितच चुकलेले असते. चूक सापडते ती औषधांच्या यादीच्या शेवटी, जिथे डॉक्टर व्हिटॅमिन, कॅल्शियम, फिश ऑइल, जिंको अशी नावे एका दमात सांगून पुढे सरकतात आणि टाइप करणाराही ‘व्हिटॅमिनच तर आहे’ अशा समजुतीने त्यांच्यामागून पुढे सरकतो. ही समजूत मुळातच चुकीची आहे. व्हिटॅमिन के रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिन या औषधाचा परिणाम कमी करते. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती अनेक औषधांचे रक्तातील प्रमाण खाली आणते. बायोटिनची मोठी मात्रा रक्ततपासणीचे निकालच बदलू शकते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने नोव्हेंबर २०१७ मध्ये याविषयी इशारा दिला तेव्हा हृदयविकाराच्या निदानासाठी होणाऱ्या ट्रोपोनिन चाचणीचा त्यात मुद्दाम उल्लेख होता, कारण बायोटिनमुळे तो आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो. यादीच्या तळाची ती ओळ पुढचा डॉक्टर वाचतो आणि तिच्यावर विसंबून निर्णय घेतो.

हीच चूक अनेक वर्षे दुरुस्त केल्यावर माझे मत असे झाले आहे की हा प्रश्न स्पेलिंगचा फार थोड्या वेळा असतो आणि अंदाजाने लिहिण्याचा बहुतेक वेळा असतो. नावातले अक्षर, मात्रेचा आकडा आणि एकक या तीन गोष्टी वेगवेगळ्या ऐकायच्या असतात. आपण त्या एकत्र ऐकतो आणि कानाने जे गाळले ते सवयीने भरून काढतो. खालच्या तपासण्या सर्वांत सोप्या आणि बिनखर्चाच्या तपासणीपासून सुरू होतात. त्या याच क्रमाने कराव्यात, कारण बहुतांश चुका पहिल्या तीन-चार पायऱ्यांतच सापडतात आणि पुढच्या पायऱ्यांना दुसऱ्या कोणाचा तरी वेळ लागतो.

लक्षणे

सर्वांत ठळक लक्षण म्हणजे एकाच रुग्णाच्या दोन रिपोर्टमध्ये एकाच गोळीची मात्रा वेगळी दिसणे. मागच्या भेटीत व्हिटॅमिन डी३ १००० एकके (इंटरनॅशनल युनिट्स), या भेटीत व्हिटॅमिन डी ३००० एकके, आणि मात्रा वाढवल्याचा उल्लेख मात्र कुठेच नाही. दुसरे लक्षण म्हणजे अक्षरांची अदलाबदल: हाडांच्या ठिसूळपणासाठी रुग्ण ‘बी३’ घेतो असे लिहिलेले असते, जे वाचून पुढचा डॉक्टर बी३ चा, म्हणजेच नायसिनचा, विचार करू लागतो. तिसरे लक्षण अधिक चिवट असते. एकाच व्यक्तीच्या सगळ्या रिपोर्टमध्ये तेच चुकीचे स्पेलिंग येत राहते आणि स्पेलचेक त्याखाली लाल रेघ ओढत नाही. स्पीच रेकग्निशनने (बोललेले ऐकून आपोआप टाइप करणाऱ्या सॉफ्टवेअरने) तयार केलेल्या ड्राफ्टमध्ये कॅल्शियमच्या ओस-कॅल या ब्रँडच्या जागी ‘ऑस्कर’ हे माणसाचे नाव, सेंट्रम सिल्व्हरच्या जागी ‘सेंट्रल सिल्व्हर’ असे शब्द दिसतात. मायक्रोग्रॅमच्या जागी मिलिग्रॅम येते. आणि शेवटी, औषधांच्या शब्दसूचीत नाव सापडले नाही म्हणून सोडलेले ब्लँक (रिकामी जागा), जे खरे तर भरता आले असते.

या शेवटच्या लक्षणामागचे कारण सगळ्यांनी समजून घ्यावे असे आहे. अमेरिकेत १९९४ च्या डायटरी सप्लिमेंट हेल्थ अँड एज्युकेशन ॲक्टनुसार सप्लिमेंटची गणना औषधांत होत नाही, ती खाद्यपदार्थांच्या बाजूला होते, आणि बाजारात येण्यापूर्वी त्यांना औषधासारखी मंजुरी घ्यावी लागत नाही. त्यामुळे मंजूर औषधांवर आधारलेल्या याद्यांत ही नावे पूर्ण सापडतील अशी अपेक्षा ठेवणेच बरोबर नाही. सूचीत नाव नाही याचा अर्थ आपण चुकीचे ऐकले असा नेहमीच होत नाही; अनेकदा आपण चुकीच्या सूचीत शोधत असतो.

पहिली तपासणी: नावातला आकडा आणि मात्रेचा आकडा वेगळे करणे

फूट पेडलने (ऑडिओ मागे-पुढे नेणाऱ्या पायाच्या कळीने) मागे जाऊन तेवढाच तुकडा पुन्हा ऐकावा. याला खर्च नाही, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक चुका इथेच सुटतात.

व्हिटॅमिनच्या नावातच एक आकडा असतो आणि त्याला चिकटून मात्रेचा आकडा येतो, ही या विषयातली सर्वांत मोठी अडचण आहे. डॉक्टर म्हणतात, ‘व्हिटॅमिन डी थ्री थाउजंड डेली’. आता हे व्हिटॅमिन डी३, मात्रा १००० असे आहे, की व्हिटॅमिन डी, मात्रा ३००० असे? कागदावर दोन्ही वाक्ये निर्दोष दिसतात आणि म्हणूनच ही चूक क्यूएच्या नजरेतूनही निसटते. ‘बी ट्वेल्व्ह थाउजंड’ ऐकल्यावर ‘बी १२,०००’ लिहिलेले मी पाहिले आहे. तिथे निदान शंका तरी येते, कारण नुसते ‘बी’ नावाचे एकच व्हिटॅमिन नाही, तो एक गट आहे. ‘बी सिक्स फिफ्टी’ म्हणजे बी६, मात्रा ५० मिलिग्रॅम. मशीन त्याचे ‘बी ६५०’ करते. कोएन्झाइम क्यू१०, ओमेगा-३ आणि व्हिटॅमिन के२ या नावांतही हेच होते.

ऐकताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. नावानंतर श्वासाएवढा विराम आहे का, हे वेग कमी करून ऐकावे. ते डॉक्टर याच डिक्टेशनमध्ये इतरत्र हजाराचा उच्चार कसा करतात हे पाहावे. जे डॉक्टर बाकी सर्व ठिकाणी ‘वन थाउजंड’ असे पूर्ण म्हणतात, त्यांच्या तोंडी नुसते ‘थाउजंड’ येण्याची शक्यता कमी असते. आणि त्याच रुग्णाविषयी बोलताना त्यांनी पुढे उपचारांच्या भागात ‘डी थ्री’ असा वेगळा उल्लेख केला आहे का, हे तपासावे, कारण यादीत घाईने सांगितलेले नाव तिथे बहुधा सावकाश येते. डी३ च्या १०००, २००० आणि ५००० एककांच्या गोळ्या सर्रास मिळतात, तेव्हा १००० च असणार, हा तर्क शंका घेण्यापुरताच वापरावा. त्याच्या आधारावर आकडा लिहू नये. ३००० एकके घेणारा रुग्णही असू शकतो. विराम ऐकू आला नाही आणि दुसरा उल्लेखही नाही, तर दोन्ही शक्यता लिहून प्रश्न पुढे पाठवावा. तो कसा पाठवावा हे शेवटी सांगितले आहे.

‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांचाही इथेच निकाल लावावा. झिंकच्या गोळ्या १५ आणि ५० मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदींत मिळतात, त्यामुळे दोन्ही आकडे वाचायला सारखेच सुसंगत वाटतात.

हेडफोन

बी, डी, ई, पी, टी या इंग्रजी अक्षरांच्या उच्चारांत शेवटचा स्वर एकच असतो आणि सगळा फरक सुरुवातीच्या क्षणभराच्या व्यंजनात असतो. फोनवरून केलेल्या डिक्टेशनमध्ये पारंपरिक टेलिफोनचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच ध्वनिपट्टा येतो आणि व्यंजनांची धार नेमकी त्यात बोथट होते. त्यावर रात्रपाळीत घरून काम करणाऱ्यांकडे पंख्याचा आवाज, पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊस आणि रुळांलगतच्या इमारतीत दर काही मिनिटांनी जाणारी लोकल, यांची भर पडते. कान पूर्ण झाकणारा हेडफोन वापरावा, खर्जाचा आवाज कमी करावा, आणि नवा हेडफोन विकत घेण्याआधी सहकाऱ्याचा लावून तोच तुकडा ऐकून पाहावा. फरक पडला तरच पैसे खर्च करावेत.

शेजारच्या वाक्यांची साक्ष

अक्षराविषयी शंका असेल तर ते व्हिटॅमिन कशासाठी दिले आहे हे त्याच रिपोर्टमध्ये शोधावे. कॅल्शियम, हाडांची घनता, पॅराथायरॉइड यांची चर्चा चालू असेल तर डी असण्याची शक्यता मोठी. हातापायांना मुंग्या, रक्तातील लाल पेशींचा आकार वाढणे, जठराची शस्त्रक्रिया किंवा दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणे असे उल्लेख असतील तर बी१२ कडे कल जातो. कोलेस्टेरॉल आणि चेहऱ्यावर येणारी लाली एकत्र आली, तर डॉक्टर खरोखरच नायसिनविषयी म्हणजे बी३ विषयी बोलत असतील. थायरॉइडच्या चाचण्यांच्या ओघात ऐकलेले ‘डी थ्री’ हे टी३ असू शकते, जे व्हिटॅमिनच नव्हे.

पूर्ण नावांतही ही साक्ष कामी येते. पायरिडॉक्सिन म्हणजे बी६, आणि पायरिडोस्टिग्मिन हे मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराचे औषध. घाईच्या उच्चारात दोन्ही सारखी वाटतात. क्षयरोगाच्या रुग्णाला आयसोनियाझिड चालू असेल तर सोबत पायरिडॉक्सिन देतात, आणि मुंबईतल्या रुग्णालयांचे काम करणाऱ्यांना ही जोडी रोज भेटते. स्नायूंचा थकवा, पापणी खाली येणे आणि ६० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून अनेकदा असे वर्णन असेल तर ते बी६ नव्हे. थायमिन म्हणजे बी१. मध्ये ‘आयए’च्या जागी ‘वाय’ असलेले स्पेलिंग डीएनएमधल्या घटकाचे आहे, आणि स्पेलचेक दोन्हींना बरोबर मानतो. डीएचए हे माशाच्या तेलातले स्निग्धाम्ल आहे तर डीएचईए हे हॉर्मोन. दोन्ही सप्लिमेंट म्हणून मिळतात आणि फरक फक्त एका अक्षराचा आहे.

फॉलिक आणि फॉलिनिक ॲसिडची जोडी मात्र स्वतंत्र काळजीची आहे. फॉलिनिक ॲसिडला ल्युकोव्होरिन असेही म्हणतात आणि मेथोट्रेक्सेटच्या मोठ्या मात्रेनंतर शरीराचा बचाव करण्यासाठी ते दिले जाते. संधिवातात आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याला साधारणपणे फॉलिक ॲसिड देतात. मेथोट्रेक्सेट दोन्हीकडे असल्यामुळे इथे शेजारचे वाक्य निकाल लावत नाही. मधले ‘नि’ स्पष्ट ऐकू आले नाही तर संदर्भावरून ठरवू नये.

भारतीय डिक्टेशनमध्ये अशीच धोक्याची जोडी कॅल्सिरोल आणि कॅल्सिट्रायॉल यांची आहे. कॅल्सिरोल या ब्रँडच्या पुडीत डी३ ची ६०,००० एकके असतात आणि ती बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायला सांगतात. कॅल्सिट्रायॉल हे त्याच व्हिटॅमिनचे सक्रिय रूप असून त्याची कॅप्सूल ०.२५ मायक्रोग्रॅमची असते, आणि ते मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या यादीत वारंवार दिसते. नाव अस्पष्ट आणि मात्रा स्पष्ट असेल तर मात्रेवरून नावाविषयी रास्त प्रश्न विचारता येतो. दोन्ही अस्पष्ट असतील तर थांबावे.

स्वतःचे शॉर्टकट आणि स्वतःची डिक्शनरी

तीच चूक एकाच व्यक्तीकडून सतत येत असेल तर कान किंवा ज्ञान यांना दोष देण्याआधी कॉम्प्युटर उघडून पाहावा. कधी तरी घाईत स्पेलचेकला ‘ॲड टु डिक्शनरी’ असे सांगितले जाते आणि त्या क्षणापासून चुकीचा शब्द कायमचा बरोबर ठरतो. वर्डमध्ये कस्टम डिक्शनरीची यादी उघडून ती पूर्ण वाचावी. सप्लिमेंटची नावे तिथे हमखास सापडतात, कारण मूळ डिक्शनरीत ती नसल्यामुळेच आपण ती टाकलेली असतात. जिंकोचे खरे स्पेलिंग जी-आय-एन-के-जी-ओ असे आहे, ‘के’ आधी आणि ‘जी’ नंतर. उलटे स्पेलिंग अनेकांच्या डिक्शनरीत वर्षानुवर्षे बसलेले असते. सेंट जॉन्स वर्टमधील ‘वर्ट’ डब्ल्यू-ओ-आर-टी आहे; त्यात ‘ओ’च्या जागी ‘ए’ टाकले की चामखिळीसाठीचा इंग्रजी शब्द तयार होतो, आणि तो खरा शब्द असल्यामुळे स्पेलचेक गप्प राहतो.

दोन-तीन अक्षरे टाइप करताच पूर्ण शब्द उमटवणाऱ्या एक्सपांडरचेही तसेच. ‘बीसी’ टाइप केल्यावर एकाच्या मशीनवर ‘बिकॉज’ उमटते आणि दुसऱ्याच्या मशीनवर ‘बी-कॉम्प्लेक्स’. शॉर्टकटमध्ये मात्रा भरून ठेवण्याची पद्धत तर तातडीने बंद करावी. ‘व्हीडी’ टाइप करताच ‘व्हिटॅमिन डी ५०,००० युनिट्स वीकली’ असे पूर्ण वाक्य उमटत असेल, तर डॉक्टरांनी ‘डेली २०००’ म्हटलेले असतानाही डोळ्यांना ते वाक्य ओळखीचे वाटते आणि हात पुढे जातो. शॉर्टकट नावापुरता ठेवावा. आकडा प्रत्येक वेळी हाताने टाइप करावा, म्हणजे तो प्रत्येक वेळी ऐकावाच लागतो.

ब्रँड की साधे नाव

इंग्रजी रिपोर्टमध्ये वाक्याच्या मधोमध आलेला ‘व्हिटॅमिन’ हा शब्द लहान अक्षराने सुरू होतो, त्यापुढचे अक्षर कॅपिटल असते आणि आकडा त्याला चिकटून, हायफनशिवाय, ओळीतच लिहिला जातो. ओमेगा-३ आणि बी-कॉम्प्लेक्स यांत हायफन असतो. एल-कार्निटिनमधला ‘एल’ कॅपिटल असतो. ब्रँडचे नाव कॅपिटलने सुरू होते, घटकाचे नाव लहान अक्षराने. क्लायंटची स्वतःची स्टाइल वेगळी असेल तर ती अंतिम मानावी.

नियम सोपा आहे, पण काही नावे त्याची परीक्षा घेतात. ‘वन अ डे’ हा अमेरिकेतला मल्टिव्हिटॅमिनचा प्रसिद्ध ब्रँड आहे, आणि ‘मल्टिव्हिटॅमिन वन अ डे’ याचा अर्थ ‘रोज एक’ असाही होतो. डॉक्टर त्यानंतर पुन्हा ‘डेली’ म्हणाले तर पहिले शब्द ब्रँडचे असण्याची शक्यता वाढते. म्हणाले नाहीत तर साधा अर्थ घेऊन लहान अक्षरांत लिहिणे सुरक्षित असते, कारण त्यात रुग्णाच्या नावावर न घेतलेले उत्पादन चढत नाही. ‘एन्शुअर’ हे पोषक पेयही आहे आणि क्रियापदही. डोळ्यांसाठीच्या गोळ्यांच्या संदर्भात ऐकू येणारे ‘ए-रेड्स टू’ म्हणजे एआरईडीएस२. हे एका मोठ्या नेत्ररोग अभ्यासाचे नाव असून त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ते सर्व कॅपिटल अक्षरांत लिहितात. शेवटचा ‘टू’ हा आकडा त्या नावाचाच भाग आहे, ‘सुद्धा’ अशा अर्थाचा शब्द किंवा गोळ्यांची संख्या नव्हे. मूळ सूत्रातले बीटा कॅरोटीन धूम्रपान करणाऱ्यांतील फुप्फुसाच्या कर्करोगाच्या धोक्यामुळे नव्या सूत्रात वगळून ल्युटिन आणि झियाझँथिन घेतले गेले, त्यामुळे हा ‘टू’ गाळणे म्हणजे वेगळ्याच गोळीचे नाव लिहिणे होय.

मुंबईतल्या रुग्णालयांच्या डिक्टेशनमध्ये ब्रँडच्या शेपटीकडे लक्ष द्यावे लागते. ओरोफर-एक्सटी ही लोहाची तोंडाने घ्यायची गोळी आहे, ओरोफर-एस हे शिरेतून देण्याचे आयर्न सुक्रोज आहे आणि ओरोफर एफसीएम हे फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज. पहिला शब्द ऐकून उरलेले गृहीत धरले तर औषधाचा मार्गच बदलतो. अरॅकिटॉल ६एल मधला ‘एल’ लाखासाठी आहे, म्हणजे डी३ ची सहा लाख एकके. रिपोर्ट परदेशात दुसऱ्या मतासाठी जाणार असेल तर तिथला वाचक त्या ‘एल’चा अर्थ लिटर असा घेईल, आणि आपल्या पद्धतीने लिहिलेला ६,००,००० हा आकडा त्याला ६००,००० असा लिहिलेला हवा असेल. आपल्याकडे ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञाच्या रिपोर्टमध्ये ‘ओडी’ म्हणजे उजवा डोळा. अशा वेळी रिपोर्ट कोणासाठी आहे हे पाहून पूर्ण शब्द लिहिण्याची परवानगी घ्यावी.

भारतीय ब्रँडच्या नावाची खात्री करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे जवळच्या मेडिकलमध्ये जाऊन खोका पाहणे. बिकोसूल्स, शेलकाल, इव्हिऑन, झिंकोव्हिट, फोल्विट यांचे स्पेलिंग आणि त्यांच्या शेपट्या खोक्यावर ठळक छापलेल्या असतात. कमी खपाचे ब्रँड गल्लीतल्या दुकानात नसतील तर मुंबईतल्या प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक दुकानांत बहुधा मिळतात. मात्र खोक्यावरचे घटक वाचून ते स्वतःहून रिपोर्टमध्ये घालू नयेत. डॉक्टरांनी ब्रँड सांगितला असेल तर ब्रँडच लिहावा.

एकके

बी१२ ची गोळी १००० मायक्रोग्रॅमची असते. तिथे मिलिग्रॅम लिहिले तर मात्रा हजारपट होते. फॉलिक ॲसिडमध्ये फसायला अधिक होते, कारण ते ४०० मायक्रोग्रॅम, १ मिलिग्रॅम आणि आपल्याकडे ५ मिलिग्रॅम अशा तिन्ही प्रकारे मिळते आणि दोन्ही एकके खरी असतात.

अमेरिकेच्या जॉइंट कमिशनने, म्हणजे रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने, २००४ मध्ये न वापरण्याच्या संक्षेपांची यादी जाहीर केली. तीत ‘आययू’ हा संक्षेप आहे, कारण हस्ताक्षरात तो शिरेतून देण्याच्या ‘आयव्ही’सारखा किंवा १० सारखा वाचला जातो. म्हणून ‘इंटरनॅशनल युनिट्स’ असे पूर्ण लिहावे. त्याच यादीप्रमाणे पूर्णांकापुढे दशांश चिन्ह आणि शून्य लिहू नये, कारण १.० चे १० होते; आणि एकाहून लहान आकड्याआधी शून्य लिहावेच, म्हणजे ०.४, नुसते .४ नव्हे.

एककांचे रूपांतर मात्र कधीही स्वतः करू नये. अमेरिकेत २०१६ च्या नियमांनंतर लेबलवर व्हिटॅमिन डी मायक्रोग्रॅममध्ये येऊ लागले, त्यामुळे रुग्ण ‘२५ मायक्रोग्रॅम’ सांगतो आणि डॉक्टर ‘१०००’ म्हणतात. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० एकके, तेव्हा दोन्ही एकच आहे. पण व्हिटॅमिन ई मध्ये ४०० एकके म्हणजे नैसर्गिक रूपात सुमारे २६८ मिलिग्रॅम आणि कृत्रिम रूपात १८० मिलिग्रॅम, आणि कोणते रूप आहे हे डिक्टेशनमध्ये सहसा येत नाही. लोहाच्या ३२५ मिलिग्रॅम फेरस सल्फेटमध्ये प्रत्यक्ष लोह ६५ मिलिग्रॅम असते. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असते. एका रिपोर्टमध्ये एक आकडा आणि दुसऱ्यात दुसरा दिसला तर ती विसंगती नसून मोजण्याच्या दोन पद्धती असू शकतात. जे बोलले गेले तेच लिहावे. सल्फेटचे स्पेलिंग अमेरिकन कामात ‘एफ’ने करतात, हेही इथेच पाहून घ्यावे.

नाव सापडतच नसेल तर

इथपर्यंत येऊनही नाव लागत नसेल तर बाहेरचे संदर्भ उघडावेत. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचे ऑफिस ऑफ डायटरी सप्लिमेंट्स प्रत्येक प्रमुख व्हिटॅमिन आणि खनिजाची माहितीपत्रके विनामूल्य देते, आणि त्यांच्याच डायटरी सप्लिमेंट लेबल डेटाबेसमध्ये बाजारातल्या उत्पादनांची लेबले पाहता येतात. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या व्हिटॅमिनची लेबले डेलीमेड या अमेरिकन सरकारी संकेतस्थळावर मिळतात. सामान्य सर्च इंजिनवर किती लोक एखादे स्पेलिंग वापरतात हा पुरावा मानू नये, कारण जिंकोचे उलटे स्पेलिंगही तिथे भरपूर सापडते.

शोधताना पहिले अक्षर बदलून पाहावे. सिलियम, म्हणजे आपला इसबगोल, इंग्रजीत मूक ‘पी’ने सुरू होतो आणि ‘एस’खाली शोधणाऱ्याला कधीच मिळत नाही. सायनोकोबालामिन ‘सी’खाली असते, सेलेनियम ‘एस’खाली, झियाझँथिन ‘झेड’खाली. एकिनेशियात ‘के’ नाही, ‘सीएच’ आहे. कॉन्ड्रॉइटिनचीही सुरुवात ‘सीएच’ने होते. आपल्याकडच्या वनस्पती अमेरिकन उच्चारात ओळखू येत नाहीत, हे नव्या मुलांना मी आवर्जून सांगते: ‘ॲश-वा-गॅन-डा’ ही अश्वगंधा आहे आणि ‘ट्राय-फाला’ ही त्रिफळा. ज्या शब्दांवर तिथला ट्रान्स्क्रिप्शनिस्ट अडतो ते आपल्या घरातले असतात, तेव्हा अनोळखी उच्चार एकदा मराठी कानाने ऐकून पाहणे खरोखर उपयोगी पडते. इंग्रजी स्पेलिंग मात्र संदर्भातूनच घ्यावे.

स्पीच रेकग्निशनचा ड्राफ्ट असेल तर एक अवघड तपासणी उरते. मशीन एखाद्या डॉक्टरांच्या आवाजात तीच चूक सातत्याने करते, म्हणून ‘ऑस्कर’ एका रिपोर्टमध्ये सापडला की त्या डॉक्टरांचे अलीकडचे, अजून सही न झालेले सर्व रिपोर्ट त्या शब्दासाठी शोधावेत. या कामाला टीम लीडची परवानगी आणि वेळ लागतो, पण एक-एक रिपोर्ट दुरुस्त करत राहिल्याने मूळ बिघाड जात नाही. सापडलेल्या जोड्यांची यादी करून तांत्रिक विभागाकडे द्यावी; इंजिनचा शब्दसंग्रह बदलणे हे त्यांचे काम आहे, एडिटरचे नाही.

कुठे थांबावे

तीनदा ऐकून तीन वेगळे शब्द ऐकू आले तर चौथ्यांदा ऐकू नये, कारण त्यानंतर कान आपल्याला हवे तेच ऐकू लागतो. ब्लँक सोडून वेळेची नोंद करावी आणि क्यूएकडे पाठवावे. नोंद मोघम नसावी. ‘मात्रा कळली नाही’ असे लिहिण्याऐवजी ‘२ मिनिटे १४ सेकंद: डी थ्री थाउजंड असे ऐकू येते, डी३ १००० की डी ३०००?’ असे लिहावे, म्हणजे डॉक्टरांना एका शब्दात उत्तर देता येते.

शब्द स्पष्ट ऐकू येतो पण मात्रा अशक्य वाटते, उदाहरणार्थ ५०,००० एकके रोज, तेव्हा ‘रोज’चे ‘आठवड्यातून एकदा’ करण्याचा अधिकार आपला नाही. बोलले तसे लिहावे आणि ठळक फ्लॅग (शंकेची खूण) लावावा. त्याचे उत्तर डिक्टेशन देणारा डॉक्टरच देऊ शकतो, आणि तो उपलब्ध नसेल तर रुग्णालयाचा फार्मासिस्ट. वॉरफरिन आणि व्हिटॅमिन के, मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक किंवा फॉलिनिक ॲसिड, प्रत्यारोपणाची औषधे आणि सेंट जॉन्स वर्ट या जोड्यांत थोडीही शंका असेल तर टर्नअराउंड टाइम (रिपोर्ट परत देण्याची मुदत) चुकला तरी चालेल, पण रिपोर्ट प्रश्नाशिवाय सोडू नये.

अडलेला शब्द ओळखीच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारण्याची सवय आपल्या क्षेत्रात फार आहे. नुसता उच्चार विचारायला हरकत नाही. पण ऑडिओचा तुकडा, रुग्णाचे नाव, वय, तारीख किंवा स्क्रीनचा फोटो तिथे टाकणे म्हणजे रुग्णाच्या गोपनीयतेचा भंग आहे, आणि अमेरिकन कामात तो रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेसाठीच्या १९९६ च्या हिपा कायद्याच्या कक्षेत येतो.

चूक सापडली तेव्हा रिपोर्टवर डॉक्टरांची सही होऊन गेली असेल तर फाइल उघडून आकडा गुपचूप बदलू नये, मग तो कितीही उघड चुकलेला असो. क्यूए प्रमुखांमार्फत डॉक्टरांना कळवावे, त्यांच्याकडून दुरुस्तीची जोडनोंद घ्यावी, आणि चुकीची प्रत आधीच पुढच्या डॉक्टरांकडे किंवा रुग्णाकडे गेली असेल तर तेही त्याच संदेशात सांगावे.